तुसाच्या राखेपासून सिलिका : गोंदिया-भंडाऱ्यातील राईस मिलधारक व धान उत्पादकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

क्विंटलभर धान भरडले की सुमारे २० किलो तूस निघते. उकड्या तांदळाच्या मिलमध्ये ते बॉयलरला जाते आणि मागे चारेक किलो राख उरते. ही राख मिलच्या आवारात आणि रस्त्याकडेला पडून असते. वावटळ सुटली की दोरीवरच्या कपड्यांवर बसते, पावसाळ्यात वाहून शेजारच्या बांधीत उतरते. टायर आणि टूथपेस्टच्या कारखान्यांना जी सिलिका लागते, ती या राखेत ८५ ते ९५ टक्के असते. गुडइयरसारख्या कंपनीने तुसाच्या राखेतली सिलिका टायरमध्ये वापरली आहे. तेव्हा माल खपेल का, ही शंका आता कोणी काढू नये.

सिलिका बनवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत वाळू आणि सोडा ॲश १३०० अंशांच्या आसपास भट्टीत वितळवतात. राखेतली सिलिका मात्र कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात साधारण १०० अंशांवरच विरघळते. इंधनाची खरी बचत इथे आहे. अट एकच : तूस बेताच्या आचेवर जळालेले हवे. आच ७०० अंशांच्या फार वर गेली की सिलिका स्फटिकरूप होऊ लागते. मग ती सहजी विरघळत नाही आणि तिची बारीक धूळ मजुरांच्या फुप्फुसांना घातक ठरते. राख काळी की पांढरी, यावरून हे कळत नाही. त्यासाठी क्ष-किरण तपासणीच लागते.

म्हणून पहिली मागणी : राख तपासणीची सोय गोंदियातच करावी आणि छोट्या मिलसाठी दर परवडणारा ठेवावा. बॉयलरमधील आच मोजून आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्रणेला अनुदान द्यावे. राखेतून सिलिका काढणारा कारखाना उभारण्याआधी हे व्हावे. राखच बिघडली तर पुढचे सगळे मुसळ केरात.

दुसऱ्या मागणीवर आमचा सर्वाधिक भर आहे. द्रावणातली सिलिका गंधकाम्लाने खाली बसवली तर किलोमागे पाऊण ते एक किलो सोडियम सल्फेट पाण्यात उरते. ते वैनगंगेच्या खोऱ्यात सोडायचे असेल तर असला कारखाना आम्हाला नको. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीत आम्लाऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, आणि तो तर बॉयलरच्या धुरातही असतो. उरलेल्या द्रावणात चुना घातला की कॉस्टिक सोडा परत मिळतो व पुन्हा वापरता येतो. चुनखडी भाजून चुना करतानाही कार्बन डायऑक्साइड निघतोच, त्यामुळे ‘शून्य प्रदूषण’ वगैरे दावा आम्ही करत नाही. पण अनुदान द्यायचे तर कॉस्टिक परत मिळवणाऱ्या कारखान्यालाच द्यावे, आणि किती परत मिळाला याचा हिशेब दर तिमाहीला जाहीर करायला लावावे.

राख हाताळणाऱ्या कामगारांना योग्य दर्जाचे मास्क व वर्षातून एकदा छातीची तपासणी, आणि वाहतूक ताडपत्रीखाली, हे परवान्याच्या अटींतच यावे.

राहिला शेतकरी. धानाच्या भावात तुसाची किंमत कोणी धरत नाही. आजवर राखेला मोल नव्हते, म्हणून ते चालून गेले. राख विकली जाऊ लागली की मिलधारकांनी विक्रीतला ठरावीक वाटा धान उत्पादकांना द्यावा. आमच्यातल्या काही मिलधारकांना हे कलम रुचलेले नाही, तरी बैठकीत बहुमताने ते मंजूर झाले आहे. वाट्याची टक्केवारी ठरवण्यासाठी दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी असलेली समिती येत्या खरीप खरेदीपूर्वी नेमावी.

आपले,
अध्यक्ष व सचिव