शिक्षा भोगून आलात, तरी मत तुमचंच आहे

हे तुरुंगातून सुटून आलेल्यांसाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

'एकदा शिक्षा झाली की मत गेलं,' असं वस्तीत कुणीही सांगतं. विश्वास ठेवू नका. बाहेर आलात की तुम्ही मत देऊ शकता. गुन्हा कितीही मोठा असो. जामिनावर असलात तरीही. अपवाद फक्त निवडणुकीतल्या लाच, तोतयेगिरी अशा काही गुन्ह्यांचा; त्यात दोषी ठरल्यापासून सहा वर्षं मत देता येत नाही.

लोकांचा घोळ कुठे होतो? दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, तर सुटकेनंतर सहा वर्षं निवडणुकीला उभं राहता येत नाही. ते उमेदवाराचं झालं. मतदाराला ते लागू नाही.

आत असताना मात्र मत देता येत नाही. कच्च्या कैद्यालाही नाही. गुन्हा सिद्ध झालेला नाही, जामिनाला पैसे नाहीत, म्हणून गरिबाचं मत बुडावं, हे मला पटत नाही. पण १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायम ठेवला आणि आजही तोच चालतो. प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्यांना तेवढं टपालाने मत देता येतं.

आता घरच्यांनो, तुमचं काम. मतदार यादी तपासायला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) दारात येतात. लाजेखातर 'तो आता इथे राहत नाही' म्हणू नका. तेवढ्यावर 'स्थलांतरित' असा शेरा पडून नाव उडू शकतं. तुरुंग हे कायद्याने कुणाचं राहतं घर ठरत नाही. कोठडीत असल्यामुळे यादीतला माणूस मतदार राहत नाही असं होत नाही, हे २०१३ पासून कायद्यातच लिहिलंय. म्हणून सरळ सांगा, 'घर त्याचं हेच आहे.'

सुटून आलात की आधी यादीत नाव बघा. १९५० वर फोन केला तरी माहिती मिळते. नाव नसेल तर नमुना ६ भरा. राहण्याची जागा बदलली असेल तर नमुना ८. अर्जाला पैसे लागत नाहीत. आणि घाबरू नका, नमुना ६ मध्ये शिक्षेबद्दल एकही प्रश्न नाही. पोचपावती जपून ठेवा.

हे आताच करा. निवडणूक लागल्यावर धावपळ होते. ग्रामपंचायतीची यादीसुद्धा विधानसभेच्या यादीवरूनच निघते, म्हणजे इथे राहिलं तर तिथेही राहिलं.

मतदार ओळखपत्र हरवलं असेल तर आधार कार्ड चालतं, पण नाव यादीत हवंच.

केंद्रावर कुणी जुनं काढून अडवलं, तर वाद घालू नका. केंद्राध्यक्षांकडे जा आणि यादीतलं नाव दाखवा.