रिपोर्टवरच्या जनुकाचे नाव वाचा

आयसोनियाझिड १९५२ साली रुग्णांपर्यंत पोचले. ते जिवाणूच्या नेमक्या कोणत्या वर्मावर घाव घालते, हे उलगडायला मात्र पुढची चाळीस वर्षे गेली. १९९२मध्ये कॅटजीचे कोडे सुटले, १९९४मध्ये इन्हाचे. आपण देतो ती गोळी मुळात निष्क्रिय असते. क्षयजंतूचेच कॅटजी हे विकर तिला सक्रिय करते आणि मग ती इन्हा या दुसऱ्या विकराला जखडते. इन्हा थांबले की मायकोलिक आम्ले बनत नाहीत, आणि त्यांच्याविना जंतूची पेशीभित्तिका टिकत नाही.

हे सगळे एम.डी.च्या परीक्षेपुरते पाठ करून आपण विसरतो, याची खंत वाटते. कारण एलपीएच्या रिपोर्टवर हीच दोन नावे छापून येतात आणि केस पेपरवर उतरताना त्यांचे नुसते ‘एच रेझिस्टंट’ होते. दोन्ही बिघाडांचे परिणाम तर जवळजवळ उलटे आहेत. कॅटजी बिघडले, बहुधा ३१५व्या जागी, तर गोळी सक्रियच होत नाही. प्रतिकार तीव्र असतो आणि डोस वाढवूनही फारसा भरवसा धरता येत नाही. इथिओनामाइड मात्र शाबूत असू शकते, कारण ते इथए या वेगळ्या विकराने सक्रिय होते. इन्हाच्या प्रमोटरमध्ये बदल असेल, तर जंतू ते विकर जास्त प्रमाणात बनवतो. हा प्रतिकार सौम्य असतो आणि हाय डोस आयसोनियाझिडला अनेकदा दाद देतो. पण दोन्ही औषधांचे अंतिम लक्ष्य एकच असल्याने इथिओनामाइड हातचे जाते. ‘एच रेझिस्टंट’ या दोन शब्दांत हा सगळा फरक पुसला जातो.

त्याआधीची चूक आणखी साधी आहे. नेहमीची सीबीनॅट फक्त आरपीओबी, म्हणजे रिफॅम्पिसिनचे लक्ष्य तपासते. तिथे ‘सेन्सिटिव्ह’ आले की अनेक जण निर्धास्त होतात, आणि आयसोनियाझिडचा प्रतिकार नजरेआड राहतो.

नव्या औषधांच्या शोधातही विकरेच केंद्रस्थानी आहेत. कॅटजीला वगळून थेट इन्हाला रोखणाऱ्या रेणूंवर काम सुरू आहे. भित्तिकेसाठी अरॅबिनोज पुरवणाऱ्या डीपीआरई१ला अडवणारे टीबीए-७३७१ बेंगळुरूतल्या संशोधनातून पुढे आले आणि मानवी चाचण्यांपर्यंत पोचले, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब आहे.

बेडाक्विलिनबाबत अधिक सावध राहायला हवे. ते एटीपी सिंथेजला बंद पाडते, पण रुग्णांमध्ये दिसणारा प्रतिकार बहुतेकदा त्या विकरात नसतो. तो आरव्ही०६७८ या नियामक जनुकात असतो. तिथे बिघाड झाला की औषध पेशीबाहेर फेकणारा पंप जोरात चालतो आणि क्लोफाझिमिनचाही प्रभाव घटतो. सध्याच्या एलपीएच्या पट्टीवर हे दिसत नाही. म्हणून बेडाक्विलिन सुरू करण्याआधीच थुंकीचा नमुना कल्चर आणि डीएसटीसाठी पाठवा, आणि उपचार चालू असताना कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आले तर डीएसटी पुन्हा मागवा.