सोनार म्हणायला लाज कसली?

परवा वर्गात एकजण म्हणाला, ‘सोनार नको, सुवर्णकार लिही, जरा आदरानं.’ मला काही पटलं नाही. संस्कृत ‘सुवर्णकार’च प्राकृतातून झिजत येऊन मराठीत ‘सोनार’ झाला. शब्द तोच. संत नरहरींनीही नावापुढे तोच लावला. ‘सोनार’ ही जातही आहे, आणि ‘ए सोनार’ अशी हाक वाईटच. पण तिथे दोष हाकेचा.

मला खुपतं ते ‘ज्वेलर्स’. ज्वेलर दागिना विकतो. मूस, फुंकणी, ऐरण सोनाराची. आजीच्या साखळीतला क्रूस तुटला तेव्हा शोरूमवाला म्हणाला, ‘एक्सचेंज करा.’ गल्लीतल्या सोनारमामांनी डाख लावून तासाभरात हातात ठेवला. आमची कानडी शेजारीण त्यांना ‘अक्कसालिग’ म्हणते, तेही कारागिराचंच नाव. आणि ‘सोनारानेच कान टोचावे’ या म्हणीत ज्वेलर घालून बघा बरं!

गेल्या महिन्यात मामांच्या मुलानंही पाटीवर ‘ज्वेलर्स’ रंगवून घेतलं. त्यानं गिऱ्हाईक वाढतं म्हणे. आजी मात्र अजून ‘सोनाराकडे जाऊन येते गं’ म्हणूनच घराबाहेर पडते.