शिडाचं टोक

लहानपणी आकडे बघून रंग भरायची पुस्तकं आठवतात? पेपर पीसिंग अगदी तसंच, फक्त रंगाऐवजी कापड! कागदावर होडी छापलेली, प्रत्येक भागाला आकडा. कापड कागदाखाली ठेवायचं, मशीनचा टाका दीड मिलिमीटरवर आणायचा आणि आकड्यांच्या क्रमाने रेघेवरून शिवत जायचं. माया पाव इंच. टाका बारीक, म्हणून शेवटी कागद टर्रकन निघतो. आणि हो, डिझाइन उलटं उमटतं बरं का!

सध्या मालवणला आत्याकडे आजीच्या लुगड्यावर हे चाललंय. जुनं सुती कापड, कात्री लागली की सरकतं. कागद त्याला धरून ठेवतो, त्यामुळे शिडाचं टोक सॉलिड येतं. पण प्रत्येक तुकडा मापापेक्षा मोठा कापावा लागतो, आणि तिथेच आत्याचा जीव वरखाली. ‘‘कित्याक इतक्या कापतंस गो? माझ्या आवशीचा लुगडा हा ता!’’ तिच्या गोधडीत लुगडं अख्खं पसरतं, वर धावदोरा. वाया काही जात नाही, हे मान्यच.

शेवटी तह झाला. होड्या चारच, त्याही विरलेल्या पदरातून. बाकी लुगडं गोधडीत. कातरणं आत्याने पिशवीत भरलीत, उशीसाठी.