उसनी न द्यावयाची गोळी

झाशीनिवासी समस्त मराठी कुटुंबांस सविनय निवेदन की,

मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी १७४२ साली येथील किल्ल्याच्या आश्रयाने जी मराठी वस्ती वसविली, तिच्या आजच्या वारसांची संख्या मोठी नसली, तरी परमुलुखातील थोडक्या घरांनी एकमेकांना धरून राहावे या न्यायाने वाटीभर गोड्या मसाल्यापासून तापाच्या गोळीपर्यंत सारे काही शेजाऱ्याकडून उसने आणण्याचा, आणि न मागताही देण्याचा, जो प्रघात आपल्यांत पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे, तो मला अत्यंत प्रिय आहे. आणि म्हणूनच त्यास एके ठिकाणी कुंपण घालावे, असे सुचविताना मनास संकोच वाटतो.

ते ठिकाण म्हणजे मेथिलफेनिडेट नामक औषध. ज्या मुलांचे चित्त, बुद्धी असूनही, पुस्तकातील एका ओळीपाशी ठरत नाही, त्यांना आणि ज्या थोड्या माणसांना भर दिवसा, बोलता बोलता अनावर झोप येऊन गाठते, त्यांना तज्ज्ञ डॉक्टर हे औषध देतात. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या लिआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९४४ साली प्रथम सिद्ध केले आणि पत्नीच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून पुढे त्यास रिटालिन हे नाव पडले; या बाई म्हणे टेनिस खेळण्यापूर्वी ते घेत असत. दुसऱ्याच्या औषधास हात घालण्याची खोड केवळ आपल्याच लोकांत आहे, असे नव्हे!

आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने ते मनःप्रभावी पदार्थांत गणले असून, औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टान्वये त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, त्यांतील एक प्रत दुकानदारास दोन वर्षे दप्तरी ठेवावी लागते, आणि साठा कुलुपात ठेवण्याची त्यास सक्त ताकीद आहे. दुकानात जी वस्तू कुलुपात, ती आपल्या घरी देवघराच्या कोनाड्यात उघडी पडावी, हे कोणत्या हिशेबात बसते?

परीक्षेच्या आदल्या रात्री शेजारचा मुलगा दारात येऊन, ‘काकू, दादाची एक गोळी द्या ना, जागायचंय,’ असे म्हणतो, तेव्हा काकूंच्या मनात मायेवाचून दुसरे काही नसते. परंतु दादाला ती गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांनी त्याची नाडी व रक्तदाब पाहिला, हृदयाचा विकार, मूर्च्छा, काचबिंदू वा उन्माद आहे काय, घराण्यात कोणी तरुणपणी अकस्मात दगावले काय, इतर कोणती औषधे चालू आहेत, हे सारे विचारले, आणि मग अल्प मात्रेपासून आरंभ केला. या मुलास यांतले एकही अक्षर कोणी विचारलेले नसते. गोळीने तो जागा राहील, पण जागणे म्हणजे समजणे नव्हे. शिवाय अशी देवघेव हा कायद्याने गुन्हा आहे.

परदेशातून सुटीवर आलेल्या आप्तांनीही अशा जातीच्या औषधांची शिल्लक मागे ठेवून जाऊ नये.

ज्यांच्या नावाने चिठ्ठी आहे, त्यांनी मात्र या भीतीने औषध टाकू नये. नातवाचे जेवण कमी झाले म्हणून आजीने परस्पर गोळी बंद करावी, हे मी समजू शकतो, पण मान्य करू शकत नाही; भूक मंदावतेच, म्हणून सकाळी पोटभर खाऊ घालून मग गोळी द्यावी, रात्री भूक परतली की पुन्हा वाढावे, आणि उंची-वजनाची नोंद ठेवून ती डॉक्टरांस दाखवावी. साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास राहतो, दीर्घकाल चालणारीचा आठ ते बारा. ही दुसरी चावू वा कुटू नये. चुकलेली मात्रा पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढू नये, आणि सायंकाळी घेतल्यास रात्रीची झोप जाते, हे ध्यानी असावे. आपल्या वैशाखातल्या उन्हात गोळ्यांची डबी गच्चीवरच्या खोलीत राहू नये. छातीत दुखणे, मूर्च्छा, धाप, नसलेले आवाज ऐकू येणे वा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार, यांपैकी काही दिसल्यास महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वा जवळच्या दवाखान्यात तत्काळ जावे.

डबी कुलुपात, किल्ली वडीलधाऱ्यांपाशी, आणि गोळ्यांची मोजदाद दर रविवारी, एवढी तजवीज प्रत्येक घरी व्हावी. गोळी मागावयास आलेल्या मुलास, तथापि, दारातूनच परतवू नये; त्याला दोन घास खाऊ घालावे, मन फारच अस्वस्थ असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक लिहून द्यावा, आणि घरी जाऊन झोपण्यास सांगावे.