छायाचित्राची काठी व शेजारधर्म

गेल्या सहामाहींत नववीच्या वर्गास वादविवादासाठीं मीं एक विषय दिला होता: करमणुकीच्या उद्यानांत सेल्फी-स्टिक नेण्यास केलेली मनाई न्याय्य आहे काय? विषय क्षुल्लक आहे असें प्रथम कांहीं मुलांस वाटलें. परंतु तासाची घंटा झाली तरी वाद संपेना, आणि वर्गाचे सरळ दोन पक्ष पडले. त्या दिवशीं मी अध्यक्षाच्या खुर्चीवर होतों, व अध्यक्षानें आपलें मत राखून ठेवावयाचें असतें. आज या वार्षिकाच्या पानांवर तें सांगण्याची मोकळीक घेतों. आणि विद्यार्थ्यांइतकेंच त्यांच्या घरच्या वडील माणसांनींही तें वाचावें अशी विनंति करतों.

प्रथम मूळ हकीकत सांगितली पाहिजे. वॉल्ट डिस्ने यांनीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड नांवाचें उद्यान उघडलें. पुढें त्यांच्या कंपनीचीं तशींच उद्यानें फ्लोरिडा, टोकियो, पॅरिस व हाँगकाँग येथें झालीं. तेथें रोज हजारों कुटुंबें येतात, आणि आल्याची आठवण म्हणून छायाचित्रें काढतात. मोबाइल ज्याच्या त्याच्या हातीं आल्यावर, तो टोंकास अडकवून दूर धरावयाची लांबती काठीही त्याच्या मागोमाग आली. तिचा बोलबाला इतका झाला कीं, 'टाइम' साप्ताहिकानें २०१४ सालच्या उत्तम शोधांच्या यादींत तिला जागा दिली. पुढच्याच वर्षीं मात्र ३० जून २०१५ पासून फ्लोरिडा व कॅलिफोर्निया येथील, आणि १ जुलैपासून पॅरिस व हाँगकाँग येथील डिस्ने-उद्यानांत तिला मनाई झाली. दारापाशीं पिशव्या तपासतांना काठी सांपडली, तर ती आपल्या गाडींत अगर बिऱ्हाडीं ठेवून यावी, नाहींतर सेवकांच्या स्वाधीन करून परत जातांना घ्यावी, असा नियम झाला. त्याच उन्हाळ्यांत सिक्स फ्लॅग्ज या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनेंही आपल्या उद्यानांत तिला बंदी केली. डिस्नेची मनाई अद्याप कायम आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कॅमेऱ्यास मनाई झाली नाहीं, मोबाइलास झाली नाहीं, छायाचित्र काढण्यासही झाली नाहीं. मनाई झाली ती केवळ काठीस. आपल्या हाताच्या पोंचेपर्यंत प्रत्येकानें आपली हौस खुशाल पुरवावी. त्या पोंचेपलीकडे दुसऱ्याची जागा सुरू होते. माझ्या मतें साऱ्या वादाचें मर्म एवढ्यांत आलें.

या मनाईचें पहिलें कारण गणिताचें आहे. कॅलिफोर्नियाच्या उद्यानांत 'कॅलिफोर्निया स्क्रीमिन' नांवाची रोलर कोस्टर होती. २०१८ सालीं तिचें नांव व रूप बदललें. तिच्या गाड्या ताशीं सुमारें ८८ किलोमीटर वेगानें धांवत आणि एके ठिकाणीं पूर्ण उलट्या होत. अशा गाडीचा मार्ग आंखतांना, आंत बसलेल्या मनुष्यानें हात ताणला तर तो कोठवर पोंचेल, हें मोजून तेवढी जागा चोहोंकडून मोकळी सोडलेली असते. काठी उघडली कीं तो हात जवळजवळ एक मीटरनें वाढतो, आणि आंखणाराचा हिशेब चुकतो. शिवाय ती हातून निसटली तर काय होईल, हें उदाहरण नववीचे विद्यार्थी स्वतः सोडवूं शकतील. मोबाइल व काठी मिळून वजन ३५० ग्रॅम धरा, आणि वेग ताशीं ८८ किलोमीटर. गतिज ऊर्जा सुमारें १०४ ज्यूल येते. आतां सुमारें १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशीं १३० किलोमीटर वेगानें टाकला असें समजा. उत्तर तितकेंच येतें. हा वेगवान गोलंदाजाचा चेंडू झाला. फरक इतकाच कीं, तो ज्याच्या अंगावर येणार त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नाहीं, हातांत बॅट नाहीं, आणि आपल्याकडे कांहीं येत आहे हें त्यास ठाऊकही नाहीं.

जून २०१५ मध्यें याच रोलर कोस्टरच्या चालत्या गाडींत एका प्रवाशानें अशी काठी बाहेर काढली. ती दिसतांच गाडी थांबविण्यांत आली, व तो खेळ सुमारें एक तास बंद राहिला. अशा मार्गाचे टप्पे पाडलेले असतात, व एका टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी असावी अशी योजना असते. म्हणून पुढची थांबली कीं मागच्यांसही थांबावें लागतें. एका माणसास आपलें चित्र हवें होतें. त्यासाठीं रांगेंत उभ्या असलेल्या शेंकडों माणसांचा एक तास खर्ची पडला. त्यांच्या संमतीवांचून पडला, आणि तो त्यांना कोणी परत दिला नाहीं.

आतां विरुद्ध पक्षाकडे वळूं. त्या दिवशीं वर्गांत तीन आक्षेप निघाले, व तिन्ही ऐकण्याजोगे होते.

पहिला आक्षेप असा कीं, एकाच्या अपराधासाठीं हजारांस शिक्षा कां? काठी खालीं धरून सावधपणें चालणाऱ्यानें काय पाप केलें? हा प्रश्न शाळेंतील प्रत्येक मुलाच्या परिचयाचा आहे, कारण मागच्या बांकावरच्या एका गोंगाटासाठीं साऱ्या वर्गास उभें राहावें लागल्याचा अनुभव कोणास नाहीं? परंतु ही सरसकट मनाई एकाएकीं आलेली नव्हती. आधीं नियम लहान होता. गाडींत व पाळण्यांत काठी उघडूं नका, एवढेंच सांगणें होतें. तशा पाट्या लावल्या होत्या, सेवक तोंडीं बजावीत होते. ज्यांनीं तो लहान नियम पाळला, त्यांना कांहींच जाच नव्हता. ज्यांनीं तो पाळला नाहीं, त्यांनीं दाराशीं मोठा नियम आणून उभा केला, आणि तो साऱ्यांच्या माथीं बसला. विद्यार्थिमित्रहो, मोठे नियम बहुधा असेच जन्मास येतात. ते करणारावर आपण रागावतों. परंतु लहान नियम चालत असतां तो मोडणाराकडे पाहून आपण हंसलों होतों, हें विसरतों.

दुसरा आक्षेप अधिक बोंचरा होता. एक मुलगा म्हणाला, "सर, त्या उद्यानांत कंपनीचे स्वतःचे छायाचित्रकार असतात आणि कंपनी तीं छायाचित्रें विकते. काठी बंद झाली तर फायदा कोणाचा?" मला हा मुलगा आवडला. नियम करणाराचा स्वार्थ कोठें आहे, हें विचारण्याची संवय नागरिकास असलीच पाहिजे. परंतु स्वार्थ दिसला म्हणजे नियम खोटा ठरला असें नव्हे. ज्यांचा तसा स्वार्थ नाहीं ते काय करतात, तेंही पाहावें. लंडनच्या नॅशनल गॅलरीनें आणि वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयांनीं मार्च २०१५ मध्यें, म्हणजे डिस्नेच्या आधींच, या काठीस मनाई केली होती. त्यांना भीति होती ती चित्रांची, मूर्तींची व गर्दींतील पाहुण्यांची. त्याच वर्षीं विंबल्डनच्या टेनिस-सामन्यांसही ती नेण्याची बंदी झाली. आणि आपल्याकडे पाहा. त्याच पावसाळ्यांत नाशिकास सिंहस्थ पर्व भरलें, तेव्हां गर्दीच्या कांहीं जागीं सेल्फी काढण्यासच मनाई करण्यांत आली. कारण एक मनुष्य चित्रासाठीं थबकला कीं मागचा लोंढा तुंबतो, आणि तुंबलेल्या लोंढ्यांतून चेंगराचेंगरी होते. नाशिकला ही भीति कोणी शिकवावयास नको होती. २००३ सालच्या सिंहस्थांत तेथें चेंगराचेंगरींत ३९ यात्रेकरू मरण पावले होते. टेनिसचें मैदान, चित्रशाळा, गोदेचा घाट आणि मुलांचें उद्यान, हीं स्थळें एकमेकांपासून किती भिन्न! तरी सर्वांस एकच गोष्ट सुचली, हा योगायोग नव्हे.

तिसरा आक्षेप एका मुलीचा होता, व मला तोच सर्वांत वजनदार वाटला. ती म्हणाली, "आमच्या घरच्या सहलीच्या एकाही फोटोंत बाबा नाहींत, कारण फोटो तेच काढतात. काठी आणली तेव्हां ते पहिल्यांदा आमच्याबरोबर दिसले." वर्ग क्षणभर शांत झाला. या बोलण्यास उत्तर नाहीं असें मलाही त्या वेळीं वाटलें. पुढें मीं या काठीचा इतिहास वाचला, आणि उत्तर तेथें सांपडलें.

मिनोल्टा या जपानी कॅमेरा-कंपनीत हिरोशी उएदा नांवाचे एक तंत्रज्ञ होते. ते पत्नीसह पॅरिसला गेले असतां, लूव्ह्र संग्रहालयांत त्यांनीं एका मुलास, आमचें दोघांचें छायाचित्र काढ, म्हणून कॅमेरा दिला. ते मागें सरले, तोंच मुलगा कॅमेरा घेऊन पळून गेला. त्यानंतर त्यांनीं कॅमेरा दूर धरणारी लांबती काठी तयार केली व तिचें पेटंट घेतलें. हें १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतलें. काठी तेव्हां फारशी खपली नाहीं. पेटंटची मुदत २००३ सालीं संपली. आणि कांहीं वर्षांनीं तीच कल्पना जगभर पसरली. म्हणजे या वस्तूच्या मुळाशीं एक फसवणूक आहे. एका मुलानें एका परक्या पाहुण्याचा विश्वास मोडला, आणि परक्यावर विश्वास ठेवण्याची गरजच उरूं नये, अशी युक्ति निघाली.

उएदांस मी दोष देत नाहीं. ज्याचा कॅमेरा गेला त्यास तसें वाटणारच. पण त्या एका पळून गेलेल्या मुलापुढें ज्यांनीं कॅमेरा हातीं घेतला, जरा मागें सरले, "हंसा पाहूं" म्हणाले, आणि तो जपून परत दिला, अशीं माणसें किती असतील? त्यांची गणती कोणी ठेवली नाहीं, कारण प्रामाणिकपणाची फिर्याद होत नसते. म्हणून त्या मुलीस माझें उत्तर असें: बाळ, तुझे बाबा चित्रांत आले पाहिजेत, हें अगदीं खरें. पण त्यासाठीं शेजारीं उभ्या असलेल्या कुटुंबाकडे जाऊन, "आमचें एक काढतां का? मग आम्ही तुमचें काढतों," असें विचारावें. त्या दुसऱ्या घरचे बाबाही बहुधा चित्रांत नसतील! काठीनें काढलेल्या चित्रांत चौघे येतील. विचारून काढलेल्या चित्रांत चौघेच येतील, पण तें पाहतांना पांचव्याचीही आठवण होईल.

आतां ही गोष्ट कॅलिफोर्नियाहून आपल्या सभागृहांत आणतों. गेल्या स्नेहसंमेलनांत पांचवीच्या मुलांचें गाणें सुरू होतांच पुढच्या रांगांतील पालक उठून उभे राहिले. मोबाइल वर गेले; दोन-तीन काठ्याही उंचावल्या. मागच्या भिंतीपाशीं एक आजीबाई बसल्या होत्या. नातवाचें गाणें ऐकावयास त्या सकाळच्या एस्टीनें गांवाहून आल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर मीं विचारलें, "आजी, नातू दिसला ना?" त्या म्हणाल्या, "दिसला नाहीं मास्तर, पण आवाज ओळखला." त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणून तर तें मला अधिक लागलें. आणि मी निर्दोष होतों असेंही नाहीं. त्याच्या आदल्या वर्षीं माझ्या कन्येच्या नाटुकल्याचें चित्रण मीं असेंच उभें राहून केलें होतें. घरीं येऊन पाहिलें, तों त्यांत कन्या थोडी, आणि इतर पालकांचे हात व मोबाइलच पुष्कळ! माझ्या मागें कोण बसलें होतें, हें मला आजतागायत ठाऊक नाहीं.

पालकवर्गास माझी विनंति थोडकी आहे. यंदाच्या संमेलनांत कार्यक्रम चालू असतां सर्वांनीं बसूनच पाहावें, आणि हातांतील मोबाइल खांद्याच्या वर नेऊं नये. दहावींतील चार विद्यार्थी बाजूस उभे राहून प्रत्येक कार्यक्रमाचीं छायाचित्रें काढतील, व तीं प्रत्येक घरीं पोंचतील, अशी व्यवस्था करण्यास मी तयार आहें. शेवटीं मुलें रंगमंचावर थांबतील. तेव्हां आईबापांनीं जवळ जाऊन हवीं तितकीं छायाचित्रें काढावींत, आणि शेजाऱ्याचेंही एक काढून द्यावें.

हा अगदीं लहान नियम आहे. तो आपण पाळला, तर दारापाशीं पिशव्या तपासण्याचा मोठा नियम करण्याची पाळी आपल्या शाळेवर कधींही येणार नाहीं. आणि भिंतीपाशीं बसलेल्या आजीस आपला नातू दिसेल.