तीन सेटचा टोमणा

बायकांच्या टेनिसबद्दल बोलणं निघालं की एक टोमणा हमखास येतो. "खेळायचं तीन सेट आणि पैसे मात्र पाच सेटवाल्यांएवढे मागायचे!" विम्बल्डनने २००७ साली बक्षिसाची रक्कम सारखी केली तेव्हा तो फार जोरात होता. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण टोमण्याची धार काही गेलेली नाही. आमच्या घरी तर दर जूनमध्ये आंब्यांबरोबर तोही येतो. (दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.)

हा टोमणा मारणारा माणूस दोन गोष्टी धरून चालतो. एक, बायका पाच सेट खेळत नाहीत कारण त्यांना ते झेपत नाही. दोन, पुरुष मात्र नेहमी पाच सेट खेळतात. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: वर्षअखेरीला होणाऱ्या एकेरीच्या इनडोअर स्पर्धेत. वर्षभर सर्वात चांगलं खेळलेल्या मोजक्याच खेळाडूंना तिथे बोलावणं असतं. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी.

आधी बायकांची घेऊ. ही स्पर्धा बरीच वर्षं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्हायची. १९८४ ते १९९८ या काळात तिची एकेरीची फायनल पाच सेटची होती. होय, पाच! जो तीन सेट आधी जिंकेल तो विजेता, अगदी पुरुषांच्या विम्बल्डनसारखं. मार्च १९८४ मध्ये मार्टिना नवरातिलोवा आणि ख्रिस एव्हर्ट अशी पहिली फायनल झाली. १९८६ साली स्पर्धा दोनदा झाली, त्यामुळे एकूण फायनली सोळा. त्यातल्या सात सरळ तीन सेटमध्ये संपल्या, सहा चार सेटमध्ये आणि तीन पूर्ण पाच सेट चालल्या. मला तरी हे आकडे अगदी चारचौघांसारखे वाटतात. कुणी कोर्टवर कोसळून स्पर्धा बंद पडल्याची नोंद नाही.

त्या तिनांपैकी १९९० ची फायनल मुद्दाम सांगते. मोनिका सेलेस विरुद्ध गॅब्रिएला साबातिनी. सेलेस तेव्हा सोळा वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयात मुलगी दहावीच्या निकालाची काळजी करत असते. पहिला सेट सेलेसने ६-४ घेतला, पुढचे दोन साबातिनीने ७-५, ६-३ असे घेतले. आता जरा थांबा. मॅच तीन सेटची असती तर इथेच संपली असती आणि चषक साबातिनीच्या हातात गेला असता. पण खेळायचं होतं पाच. सेलेसने पुढचे दोन सेट ६-४, ६-२ असे जिंकले, पावणेचार तासांच्या वर खेळून. म्हणजे पाच सेटमुळे निव्वळ वेळ वाढला असं नाही, विजेती बदलली. मागे पडलेल्या खेळाडूला विचार करायला, दम धरायला, डाव बदलायला जागा मिळाली. पाच सेटची गंमत हीच तर असते ना?

बायकांची पूर्ण पाच सेट चाललेली त्याआधीची मोठी मॅच १९०१ सालची, अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेतली. एलिझाबेथ मूर दोन दिवस लागोपाठ पाच-पाच सेट खेळली. त्या दोन मॅचचे गेम मोजले तर १०५ भरतात. पायघोळ झगा घालून! आणि ती दोन्ही मॅच जिंकली. याचा परिणाम काय व्हावा? १९०२ पासून बायकांचे सेट तीन करण्यात आले. जमत नव्हतं म्हणून काढलं असं म्हणायचं, तर जमवून दाखवल्यावर काढलं गेलंय.

न्यूयॉर्कमध्येही शेवटी तेच झालं. १९९८ ची फायनल मार्टिना हिंगिसने लिंडसे डेव्हनपोर्टला चार सेटमध्ये हरवून जिंकली, आणि १९९९ पासून फायनल तीन सेटची झाली. पंधरा वर्षांचा इतिहास कपाटात गेला आणि टोमणा तेवढा बाहेर राहिला.

आता पुरुषांकडे वळू. त्यांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेची फायनलही पाच सेटची असायची. २००५ ची शांघायची फायनल आठवते? फेडररने पहिले दोन सेट टायब्रेकरवर घेतले होते. नालबंदियनने तिथून मॅच फिरवली आणि पाचव्या सेटच्या टायब्रेकरवर जिंकली. अशा मॅच होत असतानाही २००८ पासून ही फायनल तीन सेटची झाली. फक्त हीच नव्हे, आज ग्रँड स्लॅम सोडलं तर पुरुषांची वर्षभराची सगळी टूर तीन सेटचीच आहे.

तेव्हा कुणी म्हणालं का, की पुरुषांना आता झेपत नाही? की त्यांच्या बक्षिसातले दोन सेटचे पैसे कापा? छे! वेळापत्रक भरगच्च आहे, खेळाडू वर्षभर दमलेले असतात, टीव्हीचीही सोय बघावी लागते, असं सगळं समजुतीनं घेतलं गेलं. पुरुषांचे सेट कमी झाले की ती सोय, आणि बायकांचे कमी असले की तो कमकुवतपणा. माझं भांडण आहे ते या दुटप्पीपणाशी.

"पण १९९६ ला हिंगिसच्या पायात गोळे आलेच ना?" असं कुणीतरी म्हणेलच. आले. स्टेफी ग्राफने पाचवा सेट ६-० घेतला. पण २०२३ च्या फ्रेंच ओपनच्या सेमीफायनलमध्ये जोकोविचपुढे अल्काराझच्याही पायात गोळे आले होते. त्यावरून पुरुषांचे सेट कमी करा असा निष्कर्ष कुणी काढला नाही. उन्हाचा मुद्दा काढाल तर डोक्यावर छप्पर आहे. ना ऊन, ना वारा, ना पाऊस. पाच सेट खेळायला याहून बरी जागा कुठली?

पैशाचंच म्हणाल तर २०२५ चा हिशेब बघा. रियाधला एलेना रिबाकिना एकही मॅच न हरता जिंकली, तिला ५२ लाख ३५ हजार डॉलर मिळाले. तुरीनला यानिक सिनरही एकही मॅच न हरता जिंकला, त्याला ५० लाख ७१ हजार. दोघांचीही प्रत्येक मॅच तीन सेटची. सेटच्या हिशेबाने पैसे द्यायचे म्हणणाऱ्यांना इथे तक्रारीला जागाच नाही. आणि खरं सांगायचं तर तो हिशेबच मला पटत नाही. गाण्याच्या मैफिलीचं मानधन आपण घड्याळ लावून देतो का?

माझं मागणं फार मोठं नाही. ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या फेरीपासून पाच सेट करा असं मी म्हणत नाही. वर्षातली एक मॅच, वर्षअखेरची इनडोअर फायनल, बायकांसाठीही आणि पुरुषांसाठीही पुन्हा पाच सेटची करा. त्यानंतर कुठलीच स्पर्धा नसते असं नाही, पण वर्षाचा मुख्य हिशेब तिथे संपतो. तो जरा ऐसपैस संपू दे.

ते होवो न होवो, निदान ‘झेपत नाही’ हा शब्द तरी मागे घ्या. बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये यायला १९८४ साल उजाडावं लागलं, ते याच शब्दामुळे. झेपतं की नाही हे खेळणारीला विचारायचं असतं. आणि तिने एकदा खेळून दाखवल्यावर तर विचारायचंही नसतं.